फोर-बाय-फोरला बुल बार की स्किड प्लेट?

ऊर्जानगरहून मोहर्लीकडे रात्री जाताना रानडुक्कर कधी आडवं येईल सांगता येत नाही. म्हणून नवी थार किंवा जिम्नी घेतली की अनेकांना पुढे लोखंडी बुल बार हवा असतो. पण थांबा!

बुल बार का नको?
धडकेत गाडीचा पुढचा भाग चेपतो आणि धक्का तिथेच जिरतो. वेग किती झटकन कमी झाला, हे सेन्सर मोजतात आणि त्यावरून एअरबॅग उघडते. चासीला घट्ट बसवलेला बार हे गणित बिघडवतो, एअरबॅग उशिरा उघडू शकते. पादचाऱ्यालाही जास्त मार लागतो. असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग करतात, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलंय. बेकायदा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग काय लावायचं?
स्किड प्लेट, म्हणजे गाडीच्या पोटाखाली बसणारा जाड पत्रा. दगड किंवा खुंट लागला तरी ऑइल चेंबर आणि गिअरबॉक्स वाचतो.

बसवताना
- आपल्याच मॉडेलची, मूळ भोकांत बसणारी प्लेट घ्या. चासीला ड्रिल-वेल्डिंग नको.
- नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा.
- ऑइल काढायची जागा मोकळी ठेवा.
- पहिल्या खडतर फेरीनंतर बोल्ट पुन्हा तपासा.
- प्लेटवर साचलेला चिखल धुवा, नाहीतर गंज चढतो. उन्हाळ्यात अडकलेला पाला काढा, तापलेल्या सायलेन्सरजवळ तो पेटू शकतो.

आणि रानडुकराचं काय? तिथे ॲक्सेसरी नाही, कमी वेगच कामाला येतो.