कार्ल्याचे यवन आणि भूमध्य समुद्रकाठ
मुळशीतील रिहे गावाच्या वायव्येस, मावळात, कार्ल्याचे चैत्यगृह आहे. त्याच्या स्तंभांवरील प्राकृत लेखांत धेनुकाकटच्या यवनांची दाने नोंदलेली आहेत. ‘यवन’ हा शब्द मूळ आयोनियन ग्रीकांचा वाचक. म्हणून हे दाते भूमध्य समुद्रकाठच्या नगरांतून आले, असे मानण्याचा मोह होतो. परंतु त्यांतील एकाचे नाव सिहधय, म्हणजे सिंहध्वज, असे भारतीय आहे. त्याचे घराणे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदलेले असू शकेल.

अलेक्झांड्रियाहून तांबड्या समुद्रामार्गे चालणारा व्यापार निर्विवाद आहे. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ कल्याण बंदराचा उल्लेख करतो. इटलीची मदिरा भडोचला उतरे, असेही सांगतो. सारांश, मालाचा प्रवास सिद्ध होतो. दात्याचा प्रवास एका शब्दावरून सिद्ध होत नाही.