लाख व्ह्यूज म्हणजे लाख माणसं?

"आपल्या रीलला लाखभर व्ह्यूज, म्हणजे पब्लिक आपल्याच बाजूला!" गल्लीतला कार्यकर्ता मला सांगत होता. मित्रांनो, जरा इतिहास बघा. २०१२ पर्यंत यूट्यूब मुख्यतः क्लिक बघून व्हिडिओ पुढं ढकलायचं. लोक भडक फोटो लावून फसवायला लागले, तेव्हा किती वेळ बघितलं हे धरायला लागलं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. जुलैत रील्स, सप्टेंबरात शॉर्ट्स आपल्याकडं आले. व्हिडिओ आधी थोड्यांना दाखवायचा, ते थांबले तर आणखी लोकांपुढं न्यायचा. ३१ मार्च २०२५ पासून तर शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू, परत लागला तर परत व्ह्यू. म्हणून मी त्याला म्हटलं, लाख राहू दे भावा, खड्ड्यांच्या अर्जावर वॉर्डातल्या पन्नास सह्या आण.