माझगाव: समोर पाणी, मध्ये भिंत

मुंबईत गरवायला जागा शोधणारा माणूस बहुधा पश्चिमेची वाट धरतो. वांद्रे, वरळी, हाजी अली इथल्या खडकांवर ओहोटीला काठ्या आणि दोऱ्या दिसतात. पूर्व किनाऱ्याचे नाव काढले की उत्तर ठरलेले असते: तिकडे चिखल आहे, पाणी घाण आहे, मासा कुठून मिळणार? माझगावचा इतिहास तपासला तर हे उत्तर पुरत नाही. इथला काठ सामान्य माणसाच्या हातून गेला तो मासा संपल्यामुळे नव्हे. जमिनीची मालकी बदलली आणि काठावर जाण्याची वाट बंद झाली, म्हणून तो गेला. गळ टाकण्याची जागा शोधताना माशाआधी ही वाट शोधावी लागते.

सात बेटांपैकी एक असलेल्या माझगावचा मूळ किनारा गळाच्या मासेमारीला फारसा सोयीचा नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे. भरतीला पाणी आत यायचे आणि ओहोटीला लांबवर चिखल उघडा पडायचा, जसा शिवडीला अजून पडतो. अशा किनाऱ्यावर कोळ्यांची साधने वेगळी: प्रवाहात डोल जाळे, उथळ पाण्यात फेकायचा पाग, चिखलातले निवट्या मासे तर हातानेच. वेळ ठरायची तिथीवरून. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. अष्टमीच्या भांगाला पाणी मंद चालते, पुनवेच्या उधाणाला जोरात, आणि त्याप्रमाणे जाळे बदलते. हा हिशेब किनाऱ्यावर रोज उभे राहूनच पक्का होतो.

गळाला हवी ती जागा बांधकामाने दिली. चिखल ओलांडून खोल पाण्यापर्यंत दगडी धक्का गेला की त्याच्या पायथ्याशी ओहोटीलाही पाणी राहते. दगडांच्या फटींत कालवे, खेकडे वाढतात आणि त्यांच्यामागे तांब, पालू, शिंगाळी हे मासे येतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी धक्का बांधला तो होडीतून उतरणाऱ्या उतारूंचे हाल थांबावेत म्हणून. आजचा भाऊचा धक्का त्या मूळ जागी नाही, पण नाव टिकले, आणि हे टिकणे मला महत्त्वाचे वाटते. माल उतरवण्याच्या जागांच्या गर्दीत माणसांच्या सोयीसाठी झालेली एक जागा लोकांनी लक्षात ठेवली.

पुढे 1870 साली सरकारने किनाऱ्यावर भराव घालणाऱ्या एल्फिन्स्टन या खासगी कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक, 1888 मध्ये व्हिक्टोरिया डॉक, 1914 मध्ये अलेक्झांड्रा डॉक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माझगाव ते शिवडी पाचशेहून अधिक एकरांचा भराव झाला. जुना काठ आत, गोदामे आणि रुळांच्या मागे गेला. माझगावच्या किल्ल्याच्या जागी आज जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे, 1884 च्या भंडारवाडा जलाशयावर. तिथल्या कठड्याशी उभे राहिले की गोदीच्या क्रेन, जहाजे, पलीकडचे पाणी सगळे स्वच्छ दिसते. खाली उतरून त्या पाण्याला हात लावायची सोय मात्र नाही. शहराला उत्तम काठ मिळाला तो याच काळात, आणि त्याला फाटक बसले तेही याच काळात.

गोदीला कुंपण लागणारच, असा आक्षेप येईल. जकातीचा माल, अवजड यंत्रे, स्फोटके यांच्यामध्ये मोकळी ये-जा चालत नाही. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट होऊन शेकडो माणसे मेली. माझगाव डॉकमध्ये तर युद्धनौका आणि पाणबुड्या बांधल्या जातात. तिथे गळ टाकू द्या, असे कोणीच म्हणणार नाही. पण कुंपणाचे हे कारण चालत्या गोदीला लागू पडते, बंद पडलेल्या गोदामाला नाही. मालाची बरीच वाहतूक न्हावा-शेवा बंदराला गेल्यावरही भिंती राहिल्या. सुरक्षेचेच बोलायचे तर 2008 मध्ये दहशतवादी कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले तेव्हा त्यांना हटकले ते तिथल्या कोळ्यांनीच. काठावर माणसे असणे हीसुद्धा राखण आहे.

भाऊचा धक्का उघडाच आहे, हा दुसरा आक्षेप. तो उघडा आहे, पण ट्रॉलर, पहाटेचा लिलाव, बर्फाच्या गाड्या आणि मांडव्याची रो-रो बोट यांसाठी. त्या धावपळीत दोरी सोडून बसणे कामकऱ्यांच्या पायांत येणे आहे. पाणी घाण असल्याचे खरे आहे, आणि धरलेला मासा खावा की नाही हा प्रश्न गंभीर आहे. पण ज्या पाण्याशी नागरिकांचा रोजचा संबंध नाही, त्याच्या स्वच्छतेसाठी भांडणारेही थोडेच असतात. पवई तलावावर गळाने मासे धरणाऱ्यांची संघटना आहे. पाण्यावर लक्ष ठेवण्यात तिचा स्वार्थ आहे, आणि तो शहराच्या कामी येतो.

2014 च्या राणी जाधव समितीपासून पूर्व किनारा लोकांसाठी खुला करण्याची चर्चा सुरू आहे. उद्याने आणि पाण्याकाठचे रस्ते त्यात येतात. उंच कठड्याचा रस्ता फिरायला चांगला, गरवायला निरुपयोगी. आराखड्यातच बसका कठडा, भरतीच्या रेषेपर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, होड्यांच्या वाटेपासून दूर राखलेला धक्क्याचा एक तुकडा आणि पहाटेच्या भरतीला उघडे राहणारे फाटक असायला हवे, कारण एकदा काँक्रीट ओतल्यावर पायऱ्या कोणी फोडून देत नाही.