गोव्यातील लोहखनिज खाणींचे सांडपाणी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
खाणींच्या सांडपाण्याचा विचार बहुधा शुद्धीकरणाच्या तंत्रापुरता मर्यादित राहतो. गोव्याचा अनुभव या दृष्टिकोनाची मर्यादा स्पष्ट करतो.

विवेचन :
पोर्तुगीज राजवटीत, दुसऱ्या महायुद्धानंतर, गोव्यातून जपानला होणारी लोहखनिजाची निर्यात वेगाने वाढली. डिचोली, सत्तरी व सांगे तालुक्यांत उघड्या खाणी विस्तारल्या. एक टन खनिजामागे निघणारी अडीच ते तीन टन माती व दगड उतारांवर रचले जात. पावसाळ्यात ही माती ओहोळांवाटे भातशेतीत व नद्यांत उतरे.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने सांडपाण्यावर शासकीय नियंत्रण आणले. खनिज धुतलेले पाणी तलावात स्थिर ठेवून गाळ खाली बसविणे, हा प्रमुख उपाय होता. परंतु अतिसूक्ष्म कण सहज बसत नाहीत आणि मुसळधार पावसात तलाव भरून वाहतात.

डिचोली तालुक्यातील शिरगावात प्रश्न अधिक गंभीर झाला. भूजलपातळीखाली खोदकाम झाल्याने खाणीतील पाणी सतत उपसावे लागले व विहिरी आटल्या. ग्रामस्थांना उच्च न्यायालयात दाद मागावी लागली.

निष्कर्ष :
उपसलेले पाणी निवळता येते. त्यामुळे विहिरीचे पाणी मात्र परत येत नाही. २०१२ मध्ये खाणकाम थांबले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक उत्खननावर २ कोटी टनांची अंतरिम मर्यादा घातली. २०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले. म्हणूनच शुद्धीकरणाबरोबर उत्खननाची खोली व प्रमाण यांवरील नियंत्रण हाच जलसंरक्षणाचा मूलाधार ठरतो.