लायडिख कोशिका व नायट्रिक ऑक्साइड

वृषणातील शुक्रजनक नलिकांच्या मधल्या संयोजी ऊतकात पुंजक्यांनी आढळणाऱ्या बहुकोनी कोशिकांना लायडिख कोशिका (अंतराली कोशिका) म्हणतात. टेस्टोस्टेरॉन हे पुं-हॉर्मोन मुख्यत्वे त्यांतच तयार होते. जर्मन प्राणिवैज्ञानिक फ्रांट्स लायडिख (१८२१–१९०८) यांनी १८५० मध्ये त्यांचे वर्णन केले. त्यांचे कार्य मात्र अज्ञातच राहिले.

वृषणाचा सबंध शरीरावर परिणाम होतो, ही गोष्ट नवी नव्हती. खच्ची केलेला गोऱ्हा शांत होतो व औताला चालतो, हा विदर्भातील शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. १८४९ मध्ये गटिंगेन येथे आर्नोल्ट बर्थोल्ट यांनी कोवळ्या कोंबड्यांची वृषणे काढून ती उदरात अन्यत्र बसविली. तरीही त्यांचा तुरा वाढला व ते आरवू लागले. वृषणाचा तंत्रिकांशी असलेला जुना संबंध तुटलेला असल्याने हा परिणाम रक्तावाटे घडत असला पाहिजे, असे त्यांनी अनुमान काढले. लायडिख यांच्या वर्णनाच्या केवळ एक वर्ष आधीचा हा प्रयोग. पण दोहोंची सांगड घालण्यास अर्धशतक लागले, हे आश्चर्यच होय. १९०३ मध्ये ब्वँ व आंसेल या फ्रेंच शास्त्रज्ञांनी रेतवाहिनी बांधल्यास शुक्रजनक ऊतक झिजते, परंतु अंतराली कोशिका व नरलक्षणे टिकून राहतात, असे दाखविले. १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे वळूंच्या सु. १०० किग्रॅ. वृषणांतून अवघे १० मिग्रॅ. टेस्टोस्टेरॉन वेगळे करण्यात आले.

नायट्रिक ऑक्साइड हा वायू दीर्घकाळ केवळ विषारी म्हणून परिचित होता. रॉबर्ट फर्चगॉट यांना १९८० मध्ये रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातून येणारा शिथिलीकारक पदार्थ आढळला. तो हाच वायू असल्याचे १९८७ मध्ये स्पष्ट झाले. फर्चगॉट, इग्नॅरो व म्युराड यांना १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दरम्यान हा वायू बनविणारे एंझाइम लायडिख कोशिकांतही आढळले. उंदरांच्या या कोशिकांना नायट्रिक ऑक्साइड पुरविणारी संयुगे दिल्यास टेस्टोस्टेरॉनाची निर्मिती घटते. कोलेस्टेरॉलाची पार्श्वशृंखला तोडणाऱ्या एंझाइमात लोह असते. त्याच्याशी वायूचा बंध जुळल्याने हॉर्मोननिर्मितीची आरंभीची पायरीच अडते, असे याचे स्पष्टीकरण देण्यात येते. अत्यल्प प्रमाणात मात्र तोच वायू चक्रीय जीएमपी या संयुगामार्फत निर्मितीस चालना देतो, असे नंतर दिसून आले. तेव्हा तो रोधक की उत्तेजक, हा प्रश्न अपुरा ठरतो. मात्रा किती व ती कोठून येते, हेही पाहावे लागते. लायडिख कोशिकांना लागून असलेल्या महाभक्षी कोशिका उद्दीपित झाल्यास हा वायू मोठ्या प्रमाणात सोडू शकतात. तीव्र संसर्गात टेस्टोस्टेरॉन घटण्यामागे हेही एक कारण असावे. परंतु बराचसा पुरावा उंदरांवरील व परीक्षानळीतील प्रयोगांचा असल्याने तो माणसास जसाच्या तसा लागू करता येत नाही.