मुलांच्या हातचें निशाण

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जातांना गाढी नदीच्या खोऱ्यांत नेरे हें गांव लागतें. या गांवाजवळ १९५१ सालीं कुष्ठरोग निवारण समितीचें शांतिवन उभें राहिलें. श्रम आणि सेवा यांची सांगड घालणाऱ्या गांधीविचाराची ही एक खूण होय. पंधरा ऑगस्ट किंवा सव्वीस जानेवारी जवळ आली म्हणजे घरोघरचीं मुलें कात्री, खळ आणि रंगीत कागद घेऊन बसतात. त्या बैठकीचें मूळही याच विचारांत सांपडतें.

निशाण हें पूर्वीं मुलांचें खेळणें नव्हतें. पांढरा, हिरवा आणि लाल अशा तीन पट्ट्यांचें, मध्यें चरखा असलेलें निशाण १९२१ नंतर प्रचारांत आलें. तें घेऊन मिरवणूक काढण्यास बंदी झाली, तेव्हां १९२३ च्या मे महिन्यापासून नागपुरास झेंडा सत्याग्रह चालला. १९३० च्या २६ जानेवारीस पूर्ण स्वराज्याचा दिवस देशभर पाळला गेला. त्याच वर्षीं २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यांतील चिरनेर येथें जंगल सत्याग्रहाच्या वेळीं गोळीबार होऊन गांवकरी हुतात्मे झाले. हा जिल्हा १९८१ पासून रायगड या नांवानें ओळखला जातो. पुढें नंदुरबारास ९ सप्टेंबर १९४२ रोजीं शिरीषकुमार मेहता हा अवघा पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. मुलाच्या हातांतील निशाणाला त्या काळीं एवढी किंमत पडत असे. ही गोष्ट पालकांनीं मुलांस भिववून नव्हे, पण स्पष्टपणें सांगितली पाहिजे. न सांगतां चिकटवलेला कागद कागदच राहतो.

हातकामाची दुसरी धार शिक्षणांतून आली. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन समितीनें योजना आखली आणि १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसनें ती उचलून धरली. टकळी मुलांच्या हातीं आली ती येथून. शाळेचा खर्च मुलांच्या श्रमांतून निघावा या कल्पनेस त्या वेळींच कित्येकांनीं हरकत घेतली, आणि ती हरकत पोकळ नव्हती. मुलाचें सूत बाजाराच्या तराजूंत पडलें कीं शिक्षण मागें राहतें. तथापि सूत काढतां काढतां मूल कापूस, वजन, मोजमाप आणि धीर शिकतें, हेंही तितकेंच खरें. ६४० तारांची एक गुंडी, तार चार फुटांचा. म्हणजे सुमारें ८५३ वार सूत! महात्माजींच्या निधनानंतर दर १२ फेब्रुवारीच्या सर्वोदय मेळ्यांत अशी गुंडी सूतांजलि म्हणून वाहण्याची प्रथा पडली. मुलाच्या हातून निघालेली याहून साधी आणि सच्ची स्मृतिवस्तु दुसरी दाखवितां येणार नाहीं.

टकळी फार लहानग्यांना जमत नाहीं. त्यांच्यासाठीं वाट दाखविली ती ताराबाई मोडकांनीं. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याजवळ बालशिक्षणाचे धडे घेतलेल्या ताराबाईंनीं १९४५ सालीं बोर्डी येथें काम सुरू केलें. अनुताई वाघ त्याच वर्षीं त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्यें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. महागडें साहित्य खेड्यांत आणावयाचें कोठून? म्हणून शिंपले, बिया, पानें आणि माती हींच त्यांनीं बालशाळेचीं साधनें केलीं.

२२ जुलै १९४७ रोजीं घटनासमितीनें राष्ट्रध्वज ठरविला तेव्हां चरख्याच्या जागीं चोवीस आऱ्यांचें अशोकचक्र आलें. चरखा काढणें लहान मुलाच्या हाताला कठीणच होतें. चक्र मात्र कंपासानें सुरेख साधतें. वर्तुळाच्या त्रिज्येनेंच परिघाचे सहा भाग पाडावे, प्रत्येकाचे दोन करावे, पुन्हा दोन करावे. चोवीस आरे बरोबर पंधरा पंधरा अंशांवर येतात. लांबी-रुंदीचें प्रमाण तीनास दोन ठेवावें. कणकेची खळ पातळ असावी. दाट झाली कीं कागदाला सुरकुत्या पडतात. सांच्यांतून छापलेल्या आयत्या चक्रापेक्षां मुलाचें जरा वांकडें चक्र केव्हांही बरें.

येथें एक दक्षता मात्र घ्यावी. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेनुसार ध्वजावर कोणतेंही अक्षर लिहावयाचें नसतें. म्हणून मुलाचें नांव, सन किंवा इवल्या पंजाचा रंगीत ठसा घ्यावयाचा असेल तर तो निराळ्या जाड कागदावर घ्यावा, निशाणावर नव्हे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनें यंत्रावरील आणि पॉलिएस्टरच्या कापडाचेही ध्वज चालतात. तरी मुलांच्या हातीं कागदाचाच ध्वज शोभतो. समारंभ आटोपल्यावर रस्त्यांत आणि गटारांत पडलेलीं प्लॅस्टिकचीं निशाणें पाहून कोणाचेंही मन विटतें. कागदी ध्वज जमिनीवर टाकूं नयेत, खाजगी रीतीनें व ध्वजाची प्रतिष्ठा राखून त्यांची विल्हेवाट लावावी, असें संहितेंत स्पष्ट म्हटलें आहे. पंजाच्या ठशाचा कागद मात्र पेटींत ठेवण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाहीं.