फाल्गुनांतला रविवार

गेल्या फाल्गुनांत, शिमगा आठ दिवसांवर आला असतां, एका रविवारीं सकाळीं आम्ही घरचीं माणसें पुण्याच्या वेताळ टेकडीवर गेलों होतों. ऊन अजून तापलें नव्हतें. गणेराच्या निष्पर्ण फांद्यांवर मोठालीं पिवळीं फुलें उमललीं होतीं. कांडोळाचे पांढरे बुंधे उघडे पडून झाडाचा जणू सांगाडाच दिसत होता. खालच्या अंगास एका पांगाऱ्यावर साळुंक्यांचा एकच कलकलाट चालला होता. पंचांगाप्रमाणें तो अजून शिशिर ऋतु होता. वसंत यावयाचा तो चैत्रांत. परंतु आमच्या डोंगरांवरील झाडें पंचांग पाहून फुलत नाहींत. माणसांची गर्दी मात्र पुष्कळ होती, आणि तींत आमच्या ओळखीचे एक वयोवृद्ध गृहस्थ भेटले. ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, आपले पूर्वज असेच निसर्गाच्या सान्निध्यांत रमत असत. मधल्या काळांत ती आवड आपण विसरलों होतों, आतां ती परत येत आहे." मीं मान डोलावली, कारण टेकडीवर वाद घालावयाचा नाहीं असा आमच्या घरचा दंडक आहे. तो वाद आज येथें घालीत आहें.

पूर्वजांना वसंताची आवड नव्हती असें कोण म्हणेल? हालाच्या नांवावर असलेल्या गाथासप्तशतींत फाल्गुनोत्सवाचा उल्लेख आहे. श्रीहर्षाच्या 'रत्नावली'चा पहिला अंक मदनमहोत्सवांतच रंगतो. पण तो उत्सव आहे, सहल नव्हे. आमच्या लोकांना घराबाहेर काढणारीं कारणें निराळीं होतीं. चैत्रांत जोतिबाचा डोंगर, शिखर शिंगणापूर, कार्ल्याची एकवीरा येथें जत्रा भरतात, त्या शेंकडों लोक पायीं गांठीत. परंतु पायांखालचा डोंगर हें त्यांचें साध्य नव्हतें, वरचा देव हें होतें. कार्तिकांत आवळीखालीं जेवावयाचें तेंही पुण्य म्हणून. श्रीमंतांच्या बागा होत्या. पर्वतीच्या पायथ्याशीं नानासाहेब पेशव्यांनीं हिराबाग केली. पण तेथें सामान्य जनांस कोण विचारणार? आणि रान ज्यांना खरोखर ठाऊक होतें, ते गुराखी, कातकरी, धनगर, त्यांचा रानाशीं संबंध पोटाचा होता. कामावांचून आणि नवसावांचून, केवळ पाहण्यासाठीं आणि चालण्यासाठीं, मुलांबाळांसह रानांत जावें ही चाल आमच्या समाजांत फार झाली तर दीडशें-पावणेदोनशें वर्षांची आहे. ती परत आलेली नाहीं; ती नव्यानेंच आली आहे, आणि तिची किंमत कोणींतरी मोजलेली आहे.

पहिली गोष्ट रविवारची. आमच्याकडे विसाव्याचे दिवस वारावर नसून तिथीवर असत. वेदशाळेंत प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या हे अनध्याय. रविवार हा खंडोबाचा वार खरा, परंतु त्या दिवशीं काम बंद ठेवण्याची रीत नव्हती. ती साहेबाच्या कचेरीबरोबर आणि मिशनच्या शाळेबरोबर आली, आणि कारकून, वकील, मास्तर यांना ती आपोआप लाभली. आम्हां पांढरपेशांना रविवार मिळविण्यासाठीं कांहींच करावें लागलें नाहीं, म्हणूनच कदाचित् त्याचा इतिहास विचारण्याचें आम्हांला सुचत नाहीं.

गिरणीकामगारांची गोष्ट वेगळी. मुंबईंत १८५४ सालीं पहिल्या सुताच्या गिरणीची कंपनी निघाली, आणि पुढील तीस वर्षांत हजारों माणसें या धंद्यांत शिरलीं. त्या वेळीं गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. काम सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला संपे. याचा अर्थ नीट ध्यानांत घेण्यासारखा आहे. माघ सरून फाल्गुन लागला, दिवस मोठा होऊं लागला कीं, आम्ही आनंदानें म्हणतों, संध्याकाळीं फिरावयास वेळ मिळूं लागला. गिरणींतल्या माणसाला दिवस मोठा होणें म्हणजे पाळी लांबणें होतें. वसंताचा उजेड त्याच्या अंगावर श्रम होऊन पडे. ठरलेली सुटी नव्हती. आणि कित्येक गिरण्यांत सुटीच्या दिवशींही यंत्रें पुसण्यासाठीं अर्धा दिवस हजर राहावें लागे. १८८१ च्या कारखान्यांच्या कायद्यानें मुलांना महिन्यांतून चार सुट्या दिल्या, मोठ्या माणसांना कांहींच दिलें नाहीं.

ही सुटी मागण्यास जो मनुष्य पुढें आला त्याचें नांव नारायण मेघाजी लोखंडे. हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनापुढें ठेविला. मागण्या पाहिल्या तर आज त्यांच्या साधेपणानें मन खिन्न होतें: रविवारीं सुटी असावी, दुपारीं अर्धा तास विश्रांति असावी, काम सकाळीं साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावें, पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत मिळावा. पुढें २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगार जमले. दोन कामकरी स्त्रियाही त्या सभेंत बोलल्या. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्यानें तिला बळकटी आली. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारींत वारले. त्यांचें चित्र असलेलें टपालाचें तिकीट २००५ सालीं निघालें. तें माझ्या विद्यार्थ्यांपैकीं एकानेंही पाहिलेलें नव्हतें.

माझे आजोबा पाटणकडचे. तरुणपणींच ते गिरणगांवांत आले आणि साचेखात्यांत पस्तीस वर्षें राबले. रविवारीं ते काय करीत असें मीं त्यांना एकदां विचारलें होतें. "झोपत असूं," ते म्हणाले, आणि मग थोडें थांबून, "दुपारीं कपडे धुवायचे, गांवाकडे पत्र लिहवून घ्यायचें." महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारीं मात्र ते माझ्या वडिलांना राणीच्या बागेंत नेत. फुटाणे खाऊन झाल्यावर ते एखाद्या झाडाखालीं बसत आणि वर पाहत राहत. वडिलांना वाटे, हे पेंगत आहेत. पुढें कळलें कीं, ते गांवाकडच्या झाडांशीं बागेंतलीं झाडें ताडून पाहत असत. सहल या शब्दाचा माझ्या घराण्यांतला आरंभ असा आहे.

ती बाग १८६२ सालीं लोकांस खुली झाली. तिच्याच आवारांत जें वस्तुसंग्रहालय आहे, तेथें मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या आरंभींच्या बैठका झाल्या. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ गृहस्थांनीं हें मंडळ काढलें. त्यांतील दोघे आपले होते: प्रार्थनासमाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणते डॉ. सखाराम अर्जुन. फुलपांखरूं, साप, पक्षी यांची नांवनिशी लावून पाहण्याची जी दृष्टि आज टेकडीवरच्या दुर्बीणवाल्या मुलामुलींत दिसते, तिचें एक मूळ तेथें आहे. माझी सून तांबटाचा 'टुक्‌टुक्‌' आवाज ऐकून पक्षी अचूक दाखविते. मला अजून तो कासाराच्या हातोडीचाच आवाज वाटतो.

जाण्यासाठीं दिवस मिळाला, वाहन मिळालें आगगाडीचें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें हे २१ मैल गाडी धांवली, १८६३ त बोरघाट चढून ती मुंबईस पुण्याशीं जोडती झाली, आणि खंडाळा, लोणावळें हीं नांवें मुंबईकरांच्या तोंडीं बसलीं. माथेरान ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनीं १८५० त 'शोधून काढलें' असें म्हणतात. तेथील आदिवासींना तें सांपडलेलेंच होतें, ही गोष्ट निराळी. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी आदमजी पीरभाईंच्या घराण्यानें १९०७ त सुरू केली.

राहिला प्रश्न जागेचा, आणि तो मला अधिक टोंचतो. १८७८ च्या जंगल कायद्यानें अनेक डोंगर राखीव झाले. जोतीराव फुल्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ च्या सुमारास लिहिला, त्यांत जंगलखात्यानें गायरानें ओढून घेतल्याबद्दल त्यांचा संताप स्पष्ट आहे. ज्या डोंगरावर शेळी चारणें हा गुन्हा ठरला, त्यावर फिरणें ही करमणूक ठरली. राखणीमुळें पुष्कळ झाडें वांचलीं हें मी नाकारीत नाहीं; पण फुल्यांचें म्हणणें वाचल्यावर टेकडीवरची निवांत शांतता पूर्वीइतकी निष्पाप वाटत नाहीं. दुसरी गंमत अशी कीं, माघ-फाल्गुनांत पुण्याच्या टेकड्यांवर जो गुलाबी बहर पाहून मंडळी हरखतात, तो बहुतेक गिरिपुष्पाचा असतो. हें झाड मध्य अमेरिकेंतलें. वनीकरणासाठीं येथें लावलेलें. आपला म्हणून ज्या वसंताचे फोटो निघतात, त्यांतला निम्मा परदेशी आहे.

आतां सरकारी कचेऱ्यांना २०२० च्या फेब्रुवारीअखेरीपासून शनिवारही मोकळा मिळाला आहे. दिवस वाढले आणि टेकडी आकसत चालली. वेताळ टेकडीवरून रस्ता नेण्याची योजना निघाली तेव्हां, २०२३ च्या एप्रिलांत, हजारों पुणेकर तिच्याविरुद्ध रस्त्यावर चालत निघाले. मीही होतों. त्या गर्दींत चालतां चालतां मला महालक्ष्मीच्या मैदानाची आठवण झाली. महिनाही तोच, एप्रिल. त्यांनीं दिवस मागितला होता, आम्ही जागा मागत होतों.

त्या फाल्गुनांतल्या सकाळीं आम्ही खाणीच्या बाजूनें खालीं उतरलों. पायथ्याशीं एक गृहस्थ हातगाडीवर लिंबाचें सरबत विकीत होते; वय माझ्याइतकेंच. नातीनें दोन पेले संपविले. मीं सहज विचारलें, "काका, तुम्ही कधीं वर जातां का?"

"कुठलें हो," ते पेला विसळीत म्हणाले. "रविवारींच तर गिऱ्हाईक असतें."

"आणि सुटी?"

"पाऊस लागला कीं."

आम्हीं पैसे दिले. नातीला पांगाऱ्याचें एक फूल सांपडलें होतें, तें तिनें त्यांच्या गाडीवर लिंबांच्या शेजारीं ठेवून दिलें, आणि आम्ही घराकडे वळलों.